वजनकाटा घरी आला तेव्हा

दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम येतो, चार घोट घेतले की धाप लागते आणि पोट भरायच्या आत ते दमून झोपी जातं. जन्मजात हृदयविकाराची शंका आली की बालरोगतज्ज्ञ आईला हे आधी विचारतात. तान्ह्या जिवाची सगळ्यात मोठी मेहनत दूध ओढण्यातच असते. निरोगी बाळाला रोज किलोमागे साधारण 100 कॅलरी पुरतात. अशा बाळाला अनेकदा 120 ते 150 लागतात, आणि नेमकं त्यालाच पिणं जमत नाही.

29 नोव्हेंबर 1944 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जन्मजात हृदयदोषामुळे अंग निळं पडणाऱ्या ‘निळ्या बाळा’वरची प्रसिद्ध शस्त्रक्रिया झाली. कल्पना हेलन टाउसिग यांची, प्रयोगशाळेतली पूर्वतयारी व्हिव्हियन थॉमस यांची, शस्त्रक्रिया आल्फ्रेड ब्लॅलॉक यांची. ती मुलगी सव्वा वर्षाची होती आणि तिचं वजन होतं जेमतेम चार किलो.

पुढची कित्येक वर्षं प्रगती झाली ती शस्त्रक्रियेत. दूध पाजण्याबाबत मात्र समजुतीच चालत राहिल्या. अंगावर पिऊन बाळ थकतं, बाटली बरी, असं सांगितलं जाई. 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात उलट दिसलं: अंगावर पिताना अशा बाळांच्या रक्तातला प्राणवायू बाटलीपेक्षा अधिक स्थिर राहत होता.

खरं वळण आलं अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात. हृदयाचा डावा भाग अविकसित असलेल्या बाळांवर ‘नॉरवुड’ ही पहिली शस्त्रक्रिया होई आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंतचे काही महिने ती घरी असत. या काळात सुमारे 16 टक्के बाळं दगावत. 2000च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी पालकांना वजनकाटा आणि प्राणवायू मोजायचं यंत्र देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. रोज वजन करा, किती दूध गेलं ते लिहा. एका दिवसात 30 ग्रॅम घटलं, किंवा तीन दिवसांत 20 ग्रॅमही वाढलं नाही, तर लगेच फोन करा.

2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी अशी नोंद ठेवलेल्या 24 बाळांपैकी या काळात एकही दगावलं नव्हतं.

आता अनेक हृदयकेंद्रांत सुटी देण्याआधी पालकांना शिकवलं जातं: थोडं थोडं, पण वारंवार पाजा, एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त ओढायला लावू नका, उरलेलं गरजेनुसार नाकातल्या नळीने द्या, ती नळी जागेवर आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा.

घरच्या वजनकाट्याचं मोल महाराष्ट्राला नवं नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990च्या दशकात गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. आज आशाताई घरोघरी जाऊन बाळाचं वजन करतात. जन्मजात हृदयदोषांचीही तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. काटा आहे, माणसं आहेत. आता वजन करताना प्रत्येक आईला एवढं जरूर विचारायला हवं: पिताना बाळाला घाम येतो का, धाप लागते का?