मानवीकृत उंदीर
ज्या प्रायोगिक उंदराच्या शरीरात मानवी पेशी, ऊती किंवा जनुके कार्यरत असतात, त्यास मानवीकृत उंदीर असे म्हणतात. रुग्णाच्या रोगप्रतिकारशक्तीकरवी कर्करोगाच्या पेशी नष्ट करणाऱ्या उपचारपद्धतीस इम्युनोथेरपी म्हणतात. ती माणसांवर वापरण्यापूर्वी तपासण्यासाठी हे उंदीर उपयोगी पडतात.

पार्श्वभूमी
निरोगी उंदराची प्रतिकारशक्ती मानवी गाठ परकी म्हणून नाकारते. थायमस ग्रंथी नसलेल्या केसविरहित उंदरात अशी गाठ वाढू शकते, हे डेन्मार्कमधील रीगॉर व पोव्हल्सेन यांनी १९६९ मध्ये दाखवले. मात्र ज्या प्रतिकारशक्तीला औषधाने चालना द्यावयाची, तीच या उंदरात दुबळी असते. त्यामुळे मानवी गाठ आणि मानवी प्रतिकारपेशी एकाच उंदरात रुजवण्याची गरज निर्माण झाली.

विकास
टी आणि बी लसीकापेशींचा अभाव असलेल्या 'स्किड' उंदरांचे वर्णन १९८३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये त्यांच्यात मानवी प्रतिकारपेशी रुजवण्यात आल्या. परंतु उंदराच्या नैसर्गिक मारक पेशी त्या टिकण्याच्या आड येत. इंटरल्यूकिन-२ ग्राहकाच्या गॅमा साखळीचे जनुक निकामी केल्यावर हा अडथळा दूर झाला. जपानमधील 'एनओजी' (२००२) आणि अमेरिकेतील 'एनएसजी' (२००५) हे वाण त्यातून तयार झाले.

पद्धती
* प्रौढ व्यक्तीच्या रक्तातील प्रतिकारपेशी टोचणे: ही पद्धत जलद आहे, मात्र काही आठवड्यांतच या पेशी उंदराच्या अवयवांवर हल्ला करतात.
* नाळेच्या रक्तातील मूलपेशी रुजवणे: टी पेशी तयार होण्यास सुमारे तीन महिने लागतात, मात्र प्रयोग दीर्घकाळ चालवता येतो.
* जनुकबदल: उंदराची स्वतःची प्रतिकारशक्ती कायम ठेवून पीडी-१ सारख्या एखाद्या प्रथिनाचे मानवी जनुक बसवतात.

महत्त्व
२००६ मध्ये लंडन येथे टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड दिलेले सहा निरोगी स्वयंसेवक सायटोकाइनच्या उद्रेकाने अत्यवस्थ झाले. माकडांवरील चाचण्यांत हा धोका दिसला नव्हता. पुढे मानवीकृत उंदरांत मात्र या औषधाने मानवी सायटोकाइन स्रवत असल्याचे आढळले. कार-टी उपचारानंतर होणाऱ्या अशाच उद्रेकात रुग्णाच्या मोनोसाइट पेशींचा मोठा वाटा असतो, हेही २०१८ मध्ये अशा उंदरांवरील अभ्यासातून स्पष्ट झाले.

मर्यादा
उंदराचे अनेक सायटोकाइन मानवी पेशींना पुरेशी चालना देत नाहीत. त्यामुळे मॅक्रोफेजसारख्या पेशी कमी वाढतात. मानवी सायटोकाइनची जनुके बसवलेल्या 'मिस्ट्रग' यांसारख्या वाणांत ही उणीव काही अंशी भरून निघते. गाठ एका व्यक्तीची व प्रतिकारपेशी दुसऱ्या व्यक्तीच्या असल्यास, दिसणारा परिणाम औषधाचा की ऊतींमधील विसंगतीचा, हे ठरवणे कठीण जाते. म्हणून या उंदरांवरील निष्कर्ष मानवी चाचण्यांची पूर्वतयारी ठरतात, त्यांना पर्याय ठरत नाहीत.