सहाव्या वस्तीच्या पाट्या

संग्रहालय म्हटले की तलवारी, चिलखते आणि राजेरजवाड्यांच्या पालख्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात मात्र एक असे संग्रहालय आहे की, रस्त्यांच्या नावांच्या जुन्या पाट्या हेच त्याचे वैभव. पाटी ती काय आणि ती जपायची ती काय, असे कोणी म्हणेल. पण त्या पाट्या ज्या गल्ल्यांच्या, त्या गल्ल्याच पुढे उरल्या नाहीत!

या वस्तीचे नाव डिस्ट्रिक्ट सिक्स. 1867 साली नगरपालिकेने तिला शहराचा सहावा विभाग ठरविले. बंदर जवळ, त्यामुळे मुक्त झालेले गुलाम, कारागीर, मजूर, व्यापारी, देशोदेशींचे लोक येथे दाटीवाटीने राहू लागले. मशीद आणि चर्च यांचा शेजार होता. गरिबी होती, घाण होती, गुंडपुंडही होते. ते झाकण्यात अर्थ नाही. पण शेजारधर्म होता. 1901 साली प्लेगचे निमित्त करून आफ्रिकी रहिवाशांना येथून प्रथम हुसकावण्यात आले. प्लेगच्या नावाखाली चाललेली सक्ती पुण्याने त्याआधी चारच वर्षे सोसली होती.

खरा घाव पुढेच होता. वर्णावरून वस्त्या वेगळ्या करण्याचा कायदा 1950 साली झाला आणि 11 फेब्रुवारी 1966 रोजी ही वस्ती केवळ गोऱ्यांची म्हणून जाहीर झाली. 1982 पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे उठवून दूरच्या केप फ्लॅट्सच्या रेताड माळावर नेऊन टाकली. घरे जमीनदोस्त झाली. प्रार्थनामंदिरे तेवढी बचावली. आणि एवढे करून गोऱ्यांची वस्ती तेथे धड वसलीच नाही! बरीचशी जमीन वर्षानुवर्षे ओसाड पडून राहिली.

उठवलेल्या माणसांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1989 साली एक संस्था स्थापिली. वर्णद्वेषी राजवट संपली त्याच वर्षी, 10 डिसेंबर 1994 रोजी, एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये संग्रहालय उघडले. पहिले प्रदर्शन थोड्या दिवसांपुरतेच मांडले होते. त्यात त्या पाट्या होत्या. त्या आल्या कोठून? पाडकामावर देखरेख करणाऱ्या गृहस्थानेच त्या आपल्या घराच्या तळघरात जपून ठेवल्या होत्या! कादंबरीत मी असे लिहिले असते, तर ओढूनताणून आणलेला योगायोग म्हणून वाचकांनी नाक मुरडले असते.

जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा पसरला होता. लोक येत, गुडघे टेकून आपली गल्ली शोधीत आणि जेथे घर होते तेथे आपले नाव लिहीत. एका लांबलचक कापडावरही नावे लिहिली गेली, मग ती भरतकामाने पक्की केली. लोक येतच राहिले. प्रदर्शन मिटवणे कोणाला जमले नाही.

2004 साली, त्याच 11 फेब्रुवारीला, नेल्सन मंडेलांच्या हस्ते परतणाऱ्या पहिल्या दोघा रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. दोघांनीही ऐंशी ओलांडली होती. सरकारने 1970 साली वस्तीला दुसरेच नाव चिकटवले होते. 2019 साली जुने नाव परत आले. घरे मात्र अजून पुष्कळांच्या वाट्याला यायची आहेत, आणि कित्येकांची हयात वाट पाहण्यातच सरली.