कोल्ह्यापुरती गोळी

आंबट द्राक्षांची गोष्ट सांगून झाली आणि मी फळ्याकडे वळलो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, कोल्हा मारायला केवढी गोळी लागते?”

वर्ग खो खो हसला. विचारणारा मात्र हसला नाही. धरणाच्या वरच्या अंगाला त्याच्या बापाचा भुईमूग होता आणि आठवडाभर रोज पहाटे त्यातला एकेक वाफा उकरलेला सापडत होता. मी मास्तराला शोभेल असे उत्तर दिले : कोल्हा मारायचा नसतो, कायद्याने त्याची बंदी आहे. उत्तर खरे होते. पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि मलाही. संध्याकाळी भाटघरच्या धरणावरून घरी येताना पलीकडच्या टेकाडावर कोल्हेकुई सुरू झाली, आणि तो प्रश्न जो मानगुटीस बसला तो आजवर उतरलेला नाही. म्हणून, वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारून हे थोडे बंदुकीचे पुराण ऐका. दिवाळीत लवंगी की सुतळी, हा वाद घरोघर चालतोच. हा त्याचाच थोरला भाऊ समजा.

आधी कोल्हा कोण, ते ठरवू. आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे. आठ-दहा किलो वजनाचे, कळपाने ओरडणारे, शेताशिवारात वावरणारे जनावर. इसापाच्या गोष्टीतला तो निराळा प्राणी. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. वजन जेमतेम दोन-तीन किलो, अंग करडे, शेपूट झुबकेदार आणि तिचे टोक काळे. ते काळे टोक दिसले की ओळख पटली. खोकड राहते उघड्या माळरानावर, बीळ करून. खाते उंदीर, वाळवी, नाकतोडे, बोरे, कधी पाखरू. आपल्या भाषांतरकारांनी इसापाच्या प्राण्याला ‘कोल्हा’ म्हटले आणि तेव्हापासून दोघांचा एकच खातेउतारा झाला. गोष्टीत यामुळे काही बिघडत नाही. बंदुकीपुढे मात्र बिघडते, कारण भुईमूग आणि ऊस नासतो तो कोल्हा, आणि त्याच्या नावावर मरते ते पुष्कळदा खोकड.

आता ‘बोअर’ म्हणजे काय? नळीचे भोक. पण ते मोजण्याच्या रीती दोन, आणि दोन्ही मजेशीर. बारा बोअरची बंदूक म्हणजे बारा गोळ्या सुटणारी, असे आमच्या गावात निम्म्या लोकांना वाटते. तसे नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. अशी गोळी सव्वातीन तोळ्यांची होते आणि नळी पाऊण इंचाला किंचित कमी. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. वीस बोअर ही बारापेक्षा बारीक. रायफलीचा हिशेब याच्या उलट. ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे इंचाचे हजार भाग करून त्यातले ३०३ भाग. इथे आकडा मोठा तर भोकही मोठे.

पण भोकावरून सारे कळत नाही. गोळीचे वजन किती आणि ती सुटते किती वेगाने, यावर पुढचे सगळे अवलंबून. ‘पॉइंट टू टू’ची साधी गोळी पाव तोळाही भरत नाही, तिचा वेग आवाजाच्या वेगाच्या थोडासा पुढे-मागे. कोल्ह्याला ती जवळून, अगदी मर्मावर बसली तरच पुरी पडते. नाहीतर जनावर जखम घेऊन पळते आणि चार दिवस झुडपात कण्हत मरते. बरे, लहान म्हणून तिला निरुपद्रवी समजावे, तर तीच गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. उलट ‘तीनशे पंधरा’ची गोळी सव्वा तोळ्याहून जड. ती तीन किलोच्या खोकडाला लागली तर त्याच्या अंगात तिला थांबायला जागाच नसते. आरपार जाऊन ती पुढे काय गाठील ते तिचे तिलाच ठाऊक.

विलायतेत कोल्हा कोकरे उचलतो, म्हणून तिकडे मेंढपाळ आणि शिकारी या प्रश्नाचा कीस काढत बसतात. त्यांचा निवाडा बहुधा असा पडतो की गोळी हलकी हवी आणि वेग दांडगा हवा. १९३० च्या सुमारास निघालेली ‘हॉर्नेट’ ही त्या वाटेवरची पहिली नावाजलेली जात. १९६४ च्या सुमारास आलेल्या ‘दोनशे तेवीस’ची गोळी साडेतीन-पावणेचार मासे वजनाची आणि वेग आवाजाच्या जवळजवळ तिप्पट. मऊ टोकाची अशी गोळी जनावराच्या अंगात शिरताच फुटते, आपला जोर तिथेच खर्च करते आणि सहसा पुढे जात नाही. इथे इतिहासाची एक गंमत आहे. अशी मऊ तोंडाची, आत उमलणारी गोळी सैन्यासाठी तयार झाली ती आपल्याकडे, कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात, १८९० नंतरच्या दशकात. ती इतकी क्रूर ठरली की १८९९ च्या हेग येथील परिषदेत युद्धात तिचा वापर निषिद्ध मानला गेला. माणसावर जी चालवणे पाप, तीच जनावरावर चालवणे दया. कारण त्याचा तडफडाट वाचतो. दोन्ही निवाडे आपापल्या जागी खरे आहेत.

तर मग उत्तर सापडले असे वाटेल. हलकी, वेगवान, मऊ टोकाची गोळी. पण हे उत्तर इंग्लंडातल्या मेंढपाळाचे. वेळवंडीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला नळी निवडायला कोणी कधी बोलावलेच नाही. ती निवड सरकारने केली, आणि करताना कोल्ह्याकडे पाहिलेच नाही. पाहिले ते माणसाकडे.

हे फार मागे जाते. १८५७ साली शिपायांपुढे जी एन्फील्ड रायफल आली तिची नळी ५७७ ची. जुन्या पाऊण इंची बंदुकीत गोळी सैल पडे. नव्या नळीला आत आटे होते, म्हणून गोळी सुलभ सरकावी यासाठी काडतुसाच्या कागदाला वंगण लावीत. त्या वंगणात कशाची चरबी, यावरून पुढे काय भडका उडाला ते शाळेतले पोरही सांगेल. भडका विझला आणि सरकारने हत्यारे गोळा केली. पुढे १८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक नाही, गोऱ्याला मात्र मोकळीक. दुसऱ्याच वर्षी याच पुणे जिल्ह्याच्या मुलखात वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी आणि इतर साथीदार जमवून बंड उभारले, तेव्हा कायदा करणाऱ्यांना आपण शहाणपणच केले असे वाटले असेल. काँग्रेसची सुरुवातीची अधिवेशने हा कायदा बदला म्हणून ठराव करीत राहिली. कायदा होता तसाच राहिला.

मग आली बोअरबंदी. इंग्रजी फौजेची मार्टिनी-हेन्री ही ४५० ची रायफल. फौजेने पुढे ३०३ घेतली, पण जुन्या मार्टिन्या सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या आणि सुदानातल्या बंडखोरांच्या हाती पडलेल्या. शिकारीच्या दुकानातून ४५० च्या गोळ्या विकत गेल्या तर त्या फिरून कुठे जातील, या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात त्या बोअरची आयात बंद केली. वाघ-हत्तीचे शिकारी चडफडले. विलायतेतले बंदूकवाले मात्र धंद्याची माणसे. त्यांनी ४६५, ४७० असे शेजारचे आकडे बाजारात रेटले. हत्तीला त्या पंधरा-वीस हजारांशांचा फरक काय कळणार! फरक कळत होता तो बंडखोराच्या नळीला. नवी गोळी तिच्यात बसत नव्हती.

३०३ चेही तेच. फौजेची म्हणून ती खासगी माणसाला वर्ज्य. म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्यात शिकारीसाठी जी रायफल निघू लागली ती ३१५ ची. मूळ ऑस्ट्रियाकडचे, मानलिखर घराण्यातले माप. फौजेचे काडतूस तिच्यात चालू नये, हाच त्या आकड्याचा मोठा गुण. या देशात परवानाधारकांच्या दोन पिढ्यांनी हरणापासून कोल्ह्यापर्यंत सगळ्यावर तीच जड गोळी झाडली. तिची काडतुसे आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्यातही होत आली आहेत.

स्वातंत्र्य आले. भोर हे पंतसचिवांचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५९ साली हत्यारांचा नवा कायदा झाला. पण त्या कायद्याचे तेरावे कलम वाचताना मला हसू आले आणि वाईटही वाटले. स्वसंरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी नागरिकाला सपाट नळीची बंदूक. आणि पिकाच्या राखणीसाठी? ठासणीची! म्हणजे दारू ओता, बोळा कोंबा, छर्रे टाका, गजाने ठासा, टोपी चढवा. तोवर कोल्हा शेंगा खाऊन तोंड पुसून गेलेला असतो. शेतकऱ्याच्या बंदुकीचा बोअर कायद्याने असा दीडशे वर्षे मागे नेऊन ठेवला.

आणि कोल्हे वाढवले कोणी? तेही थोडे आमच्या धरणानेच. भाटघरचे पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. आजचे, लॉइड साहेबाच्या नावाने बांधलेले, १९२८ च्या सुमारास पुरे झाले. त्या जलाशयाला आज येसाजी कंकांचे नाव आहे. ते याच खोऱ्यातले, आणि परंपरेप्रमाणे हत्तीशी लढले ते तलवारीने; त्यांना बोअरचा प्रश्न पडला नाही. या पाण्यावर नीरेचे कालवे चालले, बारामती-इंदापूरचा, पुढे फलटण-माळशिरसचा माळ हिरवा झाला, ऊस उभा राहिला. उसाच्या फडाइतकी कोल्ह्याला सोयीची वस्ती नाही : लपायला जागा, प्यायला पाटाचे पाणी आणि चघळायला कांडे. खोकडाला माळ लागतो, तो मात्र नांगराखाली गेला. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात, १९९७ साली राखलेल्या पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरांत, खोकडाला अजून थोडी उघडी जमीन उरली आहे.

आता घरचे सांगतो. माझ्या आबांकडे ठासणीची बंदूक होती, परवान्याची. धरणाचे पाणी हटले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत आबा हरभरा करीत. १९६३ च्या माघात पुण्याहून एक पाहुणे आले, आबांच्या ओळखीचे, शिकारीचे शौकीन. आबांची बंदूक पाहून ते म्हणाले, “अण्णा, हा फटाका आहे. आज माझी बघा.” तीनशे पंधरा होती. रात्री दोघे बांधावर बसले. चांदणे होते. हरभऱ्यात काही हलले, डोळे चमकले आणि पाहुण्यांनी बार टाकला. आबा सांगत, आवाज पाण्यावरून पलीकडच्या डोंगरापर्यंत जाऊन परत आला.

कंदील घेऊन गेले तर खोकड. शेपटीचे टोक काळे, अंग निम्मे उरलेले, आणि बाजूला उंदराचे उकरलेले बीळ. पाहुण्यांना वाईट वाटले, पण “कोल्ह्याच्याच जातीतले,” म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली आणि दोघे घरी येऊन झोपले.

पहाटे ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा म्हातारा हाका मारीत आला. त्याच्या दावणीचा बैल बसला होता आणि उठत नव्हता. फऱ्यात भोक होते. गोळी खोकडातून गेली, खालच्या दगडावरून उसळली की सरळ गेली देव जाणे, ओढा ओलांडून तिने चारशे-पाचशे पावलांवर बैल गाठला. बैलाच्या चार हात पलीकडे म्हाताऱ्याची सून लेकरू घेऊन निजलेली. आबांनी ती जागा पाहिली आणि तिथेच मटकन बसले. बैल तिसऱ्या दिवशी गेला.

पाहुण्यांनी पैसे पाठवतो म्हणून सांगितले. ते आले नाहीत. आबांनी पोलिसात जाऊ नका म्हणून म्हाताऱ्याला विनवले नाही. उलट, “तुम्हाला जायचे तर मी बरोबर येतो, तात्या,” म्हणाले. तात्या गेले नाहीत. बैलाची किंमत आबांनी तीन सुग्यांत फेडली, पहिल्या वर्षी तर घरात हरभऱ्याची डाळ ठेवली नाही. पुढे राखणीला ते बंदूक नेईनासे झाले. रॉकेलच्या डब्यात खडे घालून तो वाजवीत बांधावरून फिरत. बंदूक आढ्याला टांगलेली. निवडणूक आली की परवान्याच्या इतर बंदुकांबरोबर ठाण्यात जमा व्हायची आणि मग परत यायची. आबा गेल्यावर वडिलांनी ती कायमची जमा केली. तिची पोचपावती माझ्या कपाटात आहे. ‘बोअर’ या रकान्यात कारकुनाने नुसती आडवी रेघ ओढली आहे.

आज कोल्हा आणि खोकड, दोघांच्याही शिकारीला कायद्याने मनाई आहे. प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आबांच्या डब्याची हकीकत सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, “गुरुजी, डब्यात खडे किती घालायचे?”

ते मात्र मला ठाऊक होते. मूठभर, जास्त घातले तर डबा वाजत नाही.