अर्धी भरलेली टाकी आणि जहाजाचा तोल

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लाटेने बोट कलली, भेदरलेले प्रवासी एका बाजूला लोटले गेले आणि कल वाढतच गेला, असे या दुर्घटनेचे वर्णन केले जाते. जिकडे कल तिकडेच भार सरकणे, हे जहाजांचे जुने भय. गर्दी निदान दिसते. टाकीतले पाणी तेच काम न दिसता करते.

या तोलाचे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांनी १७४६ साली मांडले. जहाज किंचित कलले की पाण्याच्या उद्धरणाची उभी रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर जहाज सावरते, वर गेला तर उलटते.

काठोकाठ भरलेल्या टाकीतले पाणी सरकू शकत नाही. अर्धवट टाकीत मात्र ते कलत्या बाजूला धावते. परिणामी गुरुत्वमध्य जणू वर उचलला जातो. ही दुरुस्ती काढण्यासाठी टाकीची लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले १२ करावे; त्याला द्रवाच्या घनतेने गुणून जहाजाच्या एकूण वजनाने भागावे. या सूत्रात पाण्याची खोली कुठेच नाही!

उदाहरणार्थ, २००० टनांच्या जहाजात १० मीटर लांब व ८ मीटर रुंद टाकीत समुद्राचे पाणी असेल, तर ही दुरुस्ती सुमारे २२ सेंटिमीटर येते. टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक भिंत घातली की ती साडेपाचवर उतरते.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ या फेरीबोटीचे पुढचे दार उघडे राहिले. मोटारींच्या विस्तीर्ण, भिंतीविना असलेल्या डेकवर पाणी पसरले आणि काही मिनिटांत बोट आडवी झाली. १९३ जणांचे प्राण गेले.

समुद्रापासून दूर असलेल्या बंगळूरुतही हा प्रश्न परका नाही. येथे घडणाऱ्या उपग्रहांच्या टाक्यांतले द्रव इंधनही हिंदकळते. तिथे जहाजाचे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, पण धडा तोच राहतो: द्रव किती आहे याइतकेच, त्याला सरकायला किती मोकळीक आहे हेही मोजावे लागते.