सेप्सिस आणि ‘चांगले’ कोलेस्टेरॉल

हृदयविकाराची जोखीम जाणून घेण्यासाठी केलेल्या रक्तचाचणीतील ‘एचडीएल’ हा आकडा अनेकांच्या परिचयाचा असतो. उच्च घनतेच्या लिपोप्रोटीनमधील हे कोलेस्टेरॉल ‘चांगले’ मानले जाते. पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरहून कमी असलेले त्याचे प्रमाण सामान्यतः अल्प समजतात. मात्र सेप्सिसच्या रुग्णांत या आकड्याला निराळाच अर्थ प्राप्त होतो.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांना जीवघेणी इजा करू लागतो, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. २०१७ या वर्षी जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे. अवयवांची हानी ‘सोफा’ या गुणांकन पद्धतीने मोजतात. श्वसन, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात. संसर्गामुळे एकूण गुणांत २ किंवा अधिक वाढ झाल्यास सेप्सिसचे निदान होते.

एचडीएलचे कण केवळ कोलेस्टेरॉल वाहून नेत नाहीत. काही जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटकाला ते बांधून ठेवतात आणि यकृतावाटे त्याचा निचरा होण्यास साहाय्य करतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचेही ते रक्षण करतात. सेप्सिसमध्ये त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते. शिवाय त्यांच्यातील मुख्य प्रथिनाची जागा दाह वाढल्यावर निर्माण होणारे दुसरे प्रथिन घेते. त्यामुळे उरलेल्या कणांचे संरक्षक गुणही क्षीण होतात. रुग्णालयात दाखल होतानाच एचडीएल अत्यल्प असलेल्या रुग्णांत अवयव निकामी होण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

तथापि, एचडीएल हे संकेतचिन्ह आहे, निदान नव्हे. कुपोषण, यकृताचे विकार किंवा आनुवंशिकता यांमुळेही ते कमी असू शकते. ते वाढवणे हा सेप्सिसचा सिद्ध उपचार नाही. प्रतिजैविके, शिरेवाटे द्रवपदार्थ आणि संसर्गाच्या मूळ स्थानाचा बंदोबस्त हेच उपचारांचे आधार आहेत. रक्तदाब धोकादायक पातळीवर घसरला असल्यास पहिल्या तासाभरात प्रतिजैविक देण्याची शिफारस आहे.

यातून सामान्य वाचकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गंभीर आजारपणात केलेल्या कोलेस्टेरॉलच्या चाचणीवरून हृदयाच्या आरोग्याचा निष्कर्ष काढू नये. बरे झाल्यावर काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी. आणि संसर्ग झालेल्या व्यक्तीस धाप लागणे, बोलण्यात असंबद्धता, लघवी कमी होणे किंवा हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास कोणत्याही अहवालाची वाट न पाहता तिला तात्काळ रुग्णालयात न्यावे.