धारेपासून तारेपर्यंत : मिरजेची सतारमेकर गल्ली



मिरज म्हटले की आपल्याला दवाखाने आठवतात, नाहीतर रेल्वेचे जंक्शन. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले, त्यामुळे मिरजेला कितीदा गेले याची मोजदाद नाही. पण सतारमेकर गल्ली निवांतपणे पाहिली ती यंदाच. कल्याणला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की सकाळी मिरज येते, म्हणून आम्हा मोरिवलीकरांनाही ते काही लांब नाही.

या गल्लीचा इतिहास सुरू होतो तो तलवारीपासून. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, त्यांना पाणी देणारे कारागीर. 1818 मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या आणि तलवारीला धार लावून घेणारे गिऱ्हाईक हळूहळू कमी झाले. मिरजेत तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. दरबारात गवई येत, त्यांचे तंबोरे प्रवासात मोडत, खुंट्या ढिल्या होत. दुरुस्तीला ते कोणाकडे जाणार? ज्याच्या हातात बारीक काम आहे त्याच्याकडे. अशा दुरुस्त्या करता करता फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावाने 1850 च्या सुमारास स्वतःच वाद्य घडवले. तिथून घराण्याचे नावच सतारमेकर झाले.

पुढे या गावाला गाण्याचे दिवस आले. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी दारूकामाने इजा झाली. त्यांना उपचारासाठी मिरजेला आणले, आणि तिथेच ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दरबारातले गाणे असे शाळेत आले, आणि शाळा निघाल्या म्हणजे तंबोरेही हवेच! अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर मिरजेत घरच केले. ते वाद्यांच्या दुरुस्तीतही वाकबगार होते. 1937 मध्ये ते गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि दरवर्षी तिथे गवई हजेरी लावतात. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचाच, 1905 चा. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिकांमध्ये त्यांचे नाव घेतात. बायकांनी चारचौघांत गाणे हे ज्या काळी नाव ठेवण्यासारखे होते, त्या काळची ही गोष्ट.

आता कारखान्याचे सांगते. आमच्या मोरिवलीत एमआयडीसी असल्याने कारखाना म्हटले की मला भोंगा आणि यंत्रांची घरघर आठवते. इथे पुढे दुकान आणि मागे कारखाना, आवाज फक्त कानशीचा आणि पटाशीचा. वेगळे संग्रहालय बघायला जायची गरज वाटत नाही. भिंतीला टांगलेल्या जुन्या सतारी, बीन आणि दुरुस्तीला आलेले तंबोरे हेच ते.

छताला भोपळे टांगलेले असतात. हा भोपळा कडू, जाड सालीचा, खायचा नव्हे. पंढरपूर, मंगळवेढा या भागात तो पिकवतात. तो महिनोन्महिने वाळवायचा, मग कापायचा, भिजवून आकार द्यायचा. वर तूनच्या लाकडाची तबली, मग गळा, दांडी, खुंट्या. दोन भोपळे अगदी सारखे कधीच नसतात, म्हणून प्रत्येक तंबोरा त्या भोपळ्याच्या मापाने घडवावा लागतो. बायकांच्या पट्टीचा जनानी तंबोरा आकाराने लहान असतो. सर्वांत नाजूक काम जवारीचे. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा वरचा भाग कानशीने इतका हलका घासायचा की तार छेडल्यावर आवाज भरून यावा आणि गुंजत राहावा. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये धागा सरकवायचा. एका जागी तो आला की तंबोरा बोलायला लागतो. तो क्षण मी ऐकला, अंगावर काटा आला.

पण आपल्याला पडणारा प्रश्न मी तिथे विचारलाच. आमच्या भजनी मंडळात तंबोरा घ्यायचे चालले आहे. तो मंदिरात, विधानाच्या वेळी वाजणार. त्यात जिवाची हिंसा किती?

कारागिरांनी आढेवेढे न घेता सांगितले. पूर्वी घोडी हरणाच्या शिंगाची, नक्षी हस्तिदंताची असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तो पुढे कडक होत गेला आणि या वस्तू गेल्या. नक्षीला सेल्युलॉइड आले, घोडीला उंटाचे हाड. जुना डिंक म्हणजे सरस, तो जनावराच्या कातड्यापासून. चमक आणणारी लाख किड्यांपासून. जवारीचा धागा कधी रेशमी, कधी सुती. ऐकताना मी गप्पच झाले. ज्या वाद्याच्या साथीने आपण णमोकार म्हणणार, त्यात एवढे जीव!

मग त्यांनीच मार्ग सांगितला. घोडी शिसवीची किंवा आबनूसची करता येते. हाडाच्या मानाने ती लवकर झिजते, आवाज जरा मऊ येतो आणि जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. डिंक लाकूडकामाचा पांढरा चालतो, लाखेऐवजी दुसरे पॉलिश होते, धागा सुतीच घालायचा. थोडक्यात, अहिंसेची किंमत म्हणजे दर काही काळाने पुन्हा मिरजेची वारी! मला ती जास्त वाटली नाही. ज्यांच्या पूर्वजांनी तलवार सोडून तार हाती घेतली, त्यांनी शिंग सोडून हाड घेतले, तेच उद्या हाड सोडून लाकूडही घेतील. पण कोणी मागितले तर. गिऱ्हाईक मागत नाही तोवर कारागीर बदलत नाही, हा बाजाराचा साधा नियम आहे.

मी बी.कॉम., त्यामुळे हिशेबाकडे लक्ष गेलेच. भोपळा आणि लाकूड घेऊन वाळवत ठेवायचे म्हणजे पैसा तितका काळ अडकून पडला. हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी नाही, हे चांगले. पण मग कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळत नाही. त्यात आता मोबाइलमध्ये फुकट तंबोरा वाजतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मिरजेच्या नावावर दुसरीकडचा माल खपवता येणार नाही. मान मिळाला, पण मानांकनाने चूल पेटत नाही, ती ऑर्डरने पेटते.

मोबाइलचा तंबोरा वाईट असे मी म्हणणार नाही. रोजच्या रियाजाला तो सोयीचा आहे, आणि त्यात हाडही नाही! पण तो कोणी जुळवावा लागत नाही. खऱ्या तंबोऱ्याला गाण्याआधी चार तारा जुळवाव्या लागतात, मणी सरकवावे लागतात, कान द्यावा लागतो. ती पाच मिनिटे मला सामायिकाला बसण्यापूर्वी मन आवरण्यासारखी वाटतात.

तुमच्या मंडळातही तंबोरा घ्यायचा विचार असेल तर तयार तंबोरा उचलू नका, सांगून करून घ्या. जनानी तंबोरा हवा हे सांगा, आपली पट्टी कळवा. घोडी लाकडाची, धागा सुती, सरस आणि लाख नको, हे चारही मुद्दे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. घरी आणल्यावर ऊन आणि ओल दोन्हींपासून जपा आणि गवसणीशिवाय ठेवू नका. आमच्या मंडळाची ऑर्डर मी याच चार अटींवर देऊन आले आहे.