दिवाळीतील किल्ला

दिवाळीतील किल्ला म्हणजे महाराष्ट्रातील मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत अंगणात वा गच्चीवर उभारलेली डोंगरी किल्ल्याची प्रतिकृती होय.

दगड-विटांच्या राशीवर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरतात. त्याच्या चुण्यांतून कडे व घळी आपोआप साधतात. काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून वरचा थर चाळलेल्या लाल मातीचा दिलेला बरा. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत हिरवळ दिसू लागते. माथ्यावर सिंहासनारूढ शिवाजी महाराज, तटावर मावळे आणि पायथ्याशी गाव अशी मांडणी रूढ आहे. मावळा महादरवाजाहून उंच असला, तरी त्याचे कोणास वैषम्य वाटत नाही.

युरोपात अशाच छोट्या सैनिकांनी नियमबद्ध युद्धखेळ खेळतात, एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्याचे नियम दिले. दिवाळीच्या किल्ल्यावर मात फासे नाहीत, हारजीत नाही. येथील काळही बहुधा शिवकालाचाच असतो. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यानंतर रायगड पडला, तो प्रसंग सहसा कोणी मांडत नाही. इतिहास शिकण्याच्या दृष्टीने ही उणीवच म्हणावी लागेल.

सोलापूरचा किल्ला भुईकोट आहे. मैंदर्गी (तालुका अक्कलकोट) हे गावही सह्याद्रीपासून दूर, पठारी मुलखात आहे. अशा भागात कडा, माची व बालेकिल्ला हे शब्द मुलांना प्रथम या मातीच्या किल्ल्यावरच समजावून देता येतात.